श्वानांस अपथ्यकर असे आपले नित्याचे अन्न

राहुरी परिसर कांद्याचा. येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले समर्थ’सारखे वाण दिले. साहजिकच घरच्या कुत्र्यासही कांदा-लसणाच्या कालवणात कुस्करलेली भाकरी मिळते. पशुवैद्यक हे आमचे क्षेत्र नव्हे. तथापि ‘कुत्र्याचे पोट फुगले आहे, लशुनादि वटी द्या’ अशी मागणी औषधालयात होऊ शकते, म्हणून हा विषय.

सात्म्य प्राणिपरत्वे भिन्न असते. पलांडू व रसोन मनुष्यास हितकर, श्वानास मात्र विषवत् होत. त्यांतील गंधकयुक्त द्रव्यांमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. शरीरभाराच्या दर किलोस १५ ते ३० ग्रॅम कांदा अपायास पुरेसा होतो. म्हणजे १० किलोच्या कुत्र्यास दोन मध्यम कांदे. शिजवून वा वाळवून हा दोष जात नाही. थोडे थोडे रोज दिल्यानेही अपाय संभवतो. पांडुता, ग्लानी, तांबूस मूत्र ही लक्षणे बहुधा काही दिवसांनी दिसतात. तोवर कांद्याचा विसर पडलेला असतो.

द्राक्षे व मनुकांमुळे वृक्क निकामी होऊ शकतात. २०२१ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी याचे संभाव्य कारण म्हणून टार्टारिक आम्लाकडे लक्ष वेधले. ते चिंचेतही असते. द्राक्षासवात तर मनुकांसह मद्यांशही असतो. चॉकलेट तसेच साखरविरहित पदार्थांतील झायलिटॉलही घातक होय.

सबब औषध देण्यापूर्वी ‘कोणासाठी?’ हे अवश्य विचारावे. श्वानासाठी असल्यास काय, किती व केव्हा खाल्ले ते लिहून देऊन, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्याकडे पाठवावे.