पुण्याची वृत्तपत्रे : मतभेद, स्पर्धा आणि वाचकाचा हक्क

पुणे शहराच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी तेथील वृत्तपत्रांचा इतिहास आहे. ही पत्रे परस्परांशी सतत झगडत राहिली आणि त्या झगड्यातूनच वाचकाचा हक्क क्रमाक्रमाने विस्तारत गेला.

मतपत्रांचा काळ

१८४९ मध्ये पुण्यात ‘ज्ञानप्रकाश’ सुरू झाले. त्यानंतर जानेवारी १८८१ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक, आगरकर व त्यांचे सहकारी यांनी ‘केसरी’ हे साप्ताहिक काढले. कोल्हापूर प्रकरणात १८८२ मध्ये टिळक व आगरकर या दोघांनी १०१ दिवसांचा कारावास एकत्र भोगला. परंतु पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर त्यांचे मार्ग भिन्न झाले आणि १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र काढले. मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणाऱ्या १८९१ च्या कायद्याला ‘सुधारका’ने पाठिंबा दिला, तर परकीय सरकारने समाजाच्या चालीरीतींत हात घालू नये, असा ‘केसरी’चा पक्ष होता. एकाच प्रश्नाच्या दोन्ही बाजू अशा रीतीने पुणेकरांपुढे सविस्तर मांडल्या गेल्या.

दैनिकांचा उदय

‘ज्ञानप्रकाश’ १९०४ मध्ये दैनिक झाले. पुढे ते भारत सेवक समाजाकडे आले व नेमस्त मताचा पुरस्कार करीत राहिले. दररोज बातमी देणारे दैनिक एकीकडे आणि अग्रलेखाच्या बळावर लोकमत घडविणारे ‘केसरी’ दुसरीकडे, असा हा सामना होता.

१ जानेवारी १९३२ रोजी डॉ. ना. भि. परुळेकर यांनी ‘सकाळ’ सुरू केले, तेव्हा या सामन्याचे स्वरूपच पालटले. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिक्षण घेऊन आलेल्या परुळेकरांनी मतापेक्षा बातमीला अग्रस्थान दिले. गावोगावच्या घडामोडी आणि सामान्य माणसाच्या अडचणी यांना वर्तमानपत्रात जागा मिळू लागली. ‘ज्ञानप्रकाश’ १९५० च्या सुमारास बंद पडले. पुढे ‘प्रभात’, ‘तरुण भारत’, ‘विशाल सह्याद्री’ अशी विविध विचारांची दैनिके शहरात वाचली जाऊ लागली आणि १९६२ मध्ये ‘केसरी’नेही दैनिकाचे रूप घेतले.

पृष्ठे व किंमत यांचा वाद

मोठ्या पत्रांच्या स्पर्धेपुढे लहान पत्रांचा निभाव लागावा, या हेतूने केंद्र शासनाने १९५६ चा कायदा व १९६० चा आदेश यांन्वये दैनिकाची किंमत व पृष्ठसंख्या यांची सांगड घातली. त्या वेळी ‘सकाळ’ रविवार वगळता आठवड्याच्या सहा दिवसांत एकूण ३४ पृष्ठे देत असे व अंकाची किंमत ७ नवे पैसे होती. आदेशाप्रमाणे त्या किमतीत २४ पृष्ठेच देता येणार होती. म्हणजे किंमत वाढवा, नाही तर मजकूर कमी करा, असा पेच उभा राहिला. किंमत वाढली तर ग्राहक तुटणार, पृष्ठे घटली तर बातम्या व विचार यांना जागा उरणार नाही.

‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले. त्याच्या दोन वाचकांनीही स्वतंत्र अर्ज केले, ही गोष्ट विशेष लक्षणीय होय. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा व आदेश घटनाबाह्य ठरविला. भाषण व अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात विचार प्रसृत करण्याचा, म्हणजेच मजकुराच्या व खपाच्या विस्ताराचा हक्क अंतर्भूत आहे. एका पत्राला साहाय्य व्हावे म्हणून दुसऱ्याच्या या हक्कावर मर्यादा घालता येत नाही, असे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित झाले.

या इतिहासाचा बोध

लहान पत्रे जगावीत, हा शासनाचा हेतू गैर नव्हता. परंतु त्यासाठी योजिलेला उपाय वाचकाच्याच ताटातील घास कमी करणारा होता. लोकहिताची योजना आखणाऱ्या प्रत्येकाने हा भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. तसेच ग्रामपंचायतीच्या वाचनालयात व शाळेत एकाच मताचे वर्तमानपत्र न ठेवता निदान दोन भिन्न मतांची पत्रे ठेवावीत. एकच बातमी दोन ठिकाणी कशी छापली जाते, हे विद्यार्थ्यांना ताडून पाहू द्यावे. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ शेजारी ठेवून वाचणाऱ्या पिढीला विचार करण्याची जी सवय लागली, ती याच मार्गाने गावोगाव रुजू शकेल.