हृदयरुग्णाच्या कानाचं पथ्य

बायपास किंवा अँजिओप्लास्टी झालेला माणूस घरी आला की गोळ्यांच्या वेळा, मिठाचं पथ्य, चालण्याच्या फेऱ्या असा सगळा बंदोबस्त होतो. कानाचं पथ्य मात्र कुणी पाहत नाही. बाहेर टीव्ही चालू, भेटायला आलेली मंडळी तावातावाने बोलतायत, आणि आतल्या खोलीत जिवाच्या धास्तीने झोप उडालेला माणूस पडून आहे!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीतली कुजबूज त्यांना फार क्रूर वाटे. आपल्याविषयीच बोलतायत म्हणून तो कान ताणून ऐकत राहतो. सलग वाहणारा सूर आजाऱ्याला मानवतो, तुटक वाजणारा पियानो मानवत नाही, असंही त्या सांगतात. आपल्या तंबोऱ्याची आठवण यावी, अशीच ही गोष्ट.

इटलीतले डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि सहकारी यांनी २००१ साली २३ जणांना ख्रिस्ती जपमाळ आणि बौद्ध मंत्र म्हणायला लावले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीरातली यंत्रणा अधिक तत्पर झाली. म्हणजे गुण लयीचा; संथ म्हटलेल्या नामजपालाही तो लागू पडावा. पण ती माणसं निरोगी होती, हे विसरू नये. बर्नार्डी यांनाच २००६ मध्ये आणखी एक गोष्ट आढळली: संगीत मध्येच २ मिनिटं थांबवलं, तर त्या शांततेत नाडी आणि रक्तदाब आधीपेक्षाही खाली येत.

प्रत्यक्ष हृदयरुग्णांवरच्या २६ प्रयोगांचा (१३६९ रुग्ण) एकत्र आढावा २०१३ साली निघाला. संगीत ऐकण्याने भीती-काळजी कमी होते, रक्तदाब थोडा उतरतो, असा त्याचा निष्कर्ष. रुग्णाने स्वतः निवडलेलं संगीत चिंतेवर जास्त उपयोगी पडलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आजोबांना जुनं नाट्यपद हवं असेल, तर आपण भक्तिभावाने स्तोत्रच लावून बसू नये. दत्तमहाराज रागावणार नाहीत!

आवाज इतकाच ठेवा की शेजारी बसून हळू बोललेलं ऐकू यावं. अर्धा तास पुरे, मग बंद करा. दिवसभर मंत्राचं यंत्र चालू ठेवलं की त्याचाही गोंगाटच होतो. आणि उत्सवात मंदिराचा भोंगा कुणा आजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून नाही ना, हे कार्यकर्त्यांनी बघावं.

नादाने गोळी सुटत नाही. छातीत कळ आली, डावा हात भरून आला, दरदरून घाम फुटला, तर ‘माळ पूर्ण होऊ दे, मग बघू’ असं मुळीच करू नका. लगेच रुग्णवाहिका बोलवा. महाराष्ट्रात तिचा नंबरही माळेच्या मण्यांइतकाच, १०८. देवघराजवळ तो मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, चष्मा नसला तरी दिसेल असा.