श्रवण-पुनर्वसन व आकलनशक्ती : एकत्रित प्रशिक्षणाचा विचार
(जोयडा तालुक्याच्या संदर्भात)

काळी नदीच्या खोऱ्यातील जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातील विस्ताराने मोठा व वस्तीने अत्यंत विरळ असा तालुका होय. त्याचे जुने ठाणे सुपे हे गाव धरणाच्या जलाशयात गेले आणि कारभार जोयड्यास आला. कुणबी, गवळी आदी समाजांच्या वाड्या रानात एकमेकींपासून दूर वसलेल्या आहेत. घरात कोकणी, रामनगर-जगलबेटच्या बाजूस मराठी, तर कचेरीत व दवाखान्यात कन्नड, अशी येथील भाषेची स्थिती आहे. कानाच्या विकारांचा विचार करताना भाषेचा उल्लेख कशासाठी, असे कोणास वाटेल. त्याचा खुलासा पुढे येईल.

वृद्ध माणसांविषयी घरोघरी एक तक्रार ऐकू येते, ती म्हणजे “ऐकू येते, पण कळत नाही.” तक्रार खरी आहे व तिचे कारणही सरळ आहे. वयोमानाने कमी होणारी श्रवणशक्ती प्रथम उच्च कंपनांच्या ध्वनींची असते. स्वरांचा नाद कानावर पडतो. परंतु स, श, फ, थ यांसारखी क्षीण व्यंजने निसटतात. मग तुटक शब्द जोडण्याचे काम मेंदूस करावे लागते. लक्ष व स्मरण यांची शक्ती या जुळवाजुळवीतच खर्ची पडली, तर ऐकलेले ध्यानात ठेवण्यास ती अपुरी पडते. पुढे माणूस बोलणेच टाळतो, ओसरीच्या कोपऱ्यात बसून राहतो, आणि घरातील मंडळी त्याला म्हातारचळ लागला असे ठरवून मोकळी होतात.

हीच चूक शाळेत दुसऱ्या टोकाने होते. कान फुटून वाहणारे मूल वर्गात मागे बसते, प्रश्नाला भलतेच उत्तर देते, आणि ‘मंद’ म्हणून गणले जाते. त्याच्या कानात तेल वा पाल्याचा रस न घालता त्यास डॉक्टरांकडे पाठविले, तर पुष्कळदा औषधाने वा शस्त्रक्रियेने उपाय होऊ शकतो. ‘मंद’ हा शिक्का मात्र कान बरा झाला तरी सहजी पुसला जात नाही.

श्रवण व स्मृतिभ्रंश यांच्या संबंधावर अलीकडे बरेच संशोधन झाले आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली टाळता येण्याजोगी १२ व २०२४ साली १४ कारणे दिली. दोन्ही वेळा श्रवणदोषाचा त्यांत समावेश आहे. २०२३ साली अमेरिकेतील ७० ते ८४ वयाच्या ९७७ व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. श्रवणयंत्र व मार्गदर्शन दिलेल्या गटात, एकंदरीत पाहता, तीन वर्षांत विशेष फरक आढळला नाही. परंतु ज्यांना आधीपासून अधिक धोका होता त्यांच्यात बुद्धीचा ऱ्हास सुमारे ४८ टक्क्यांनी मंदावला. तेव्हा यंत्र लावले की स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगत फिरू नये. आणि यंत्राचा उपयोग नाही, असेही म्हणू नये.

म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत श्रवणतज्ज्ञ, वाचातज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ व विशेष शिक्षक एकाच आवारात काम करतात. मुंबईस १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्थाही याच क्षेत्रातील आहे. २००७ साली बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला. तथापि म्हैसूर जोयड्याहून शेकडो किलोमीटर दूर आहे. येथे प्रत्यक्ष रुग्णाजवळ पोहोचतात ते आशा कार्यकर्ती, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर व शाळामास्तर. प्रशिक्षण त्यांना द्यावयाचे, आणि तेही वेगवेगळे न देता एकत्र बसवून द्यावे, असे आम्हांस वाटते. कारण एकाच्या निरीक्षणावाचून दुसऱ्याचे निदान अपुरे राहते.

उदाहरणार्थ, स्मरणशक्तीची चाचणी घ्या. काही शब्द तोंडी सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारावयाचे, अशी तिची साधी पद्धत आहे. आता ऐकू कमी येणाऱ्या, अक्षरओळख नसलेल्या कोकणीभाषिक आजींना हे शब्द कन्नडमध्ये, गजबजलेल्या खोलीत, कागदाकडे पाहत सांगितले तर गुण शून्य येणार. ही परीक्षा स्मरणाची नव्हे, कानाची व भाषेची झाली! म्हणून चाचणीपूर्वी कानात मळ आहे काय ते पाहावे, ध्वनिवर्धकाची सोय करावी, उजेडात समोरासमोर बसावे, आणि शब्द घरच्या बोलीतले असावेत. बोली न जाणणाऱ्या डॉक्टरांस येथे आशाताईंचे साहाय्य अत्यावश्यक ठरते. श्रवणचाचणीतील शब्दयाद्यांसही हाच नियम लागू आहे.

यंत्र मिळाल्यानंतरचा भाग सर्वांत दुर्लक्षित असतो. प्रथम भांड्यांचा, पावसाचा आवाज असह्य वाटतो व यंत्र फडताळात जाऊन पडते. पहिले काही दिवस शांत खोलीत, थोडा वेळ, एकाच माणसाशी बोलताना ते वापरावे व हळूहळू वेळ वाढवावा. शिटी वाजत असल्यास कानातील साचा नीट बसलेला नाही असे समजून तो तपासून घ्यावा. जोयड्याच्या पावसाळ्यात ओल हा यंत्राचा मोठा शत्रू होय. रात्री यंत्र पुसून, सेलचे झाकण उघडे करून, ओल शोषणाऱ्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. चुलीजवळ वाळत घालू नये.