पुसल्याने चकाकी जाते का?

प्रश्न : गाडीला नुकतंच पॉलिश करून घेतलं. आता सिरॅमिक कोटिंग करायचंय. पण आधी अल्कोहोलने पुसावं लागेल म्हणतात. मग पॉलिशची चकाकी जाणार नाही का?
— एक वाचक, रिसाली (भिलाई)

उत्तर : निर्धास्त राहा. चकाकी येते ती क्लिअरकोट गुळगुळीत झाल्यामुळे. पुसल्यावर निघतं ते पॉलिशचं तेल. ते राहिलं तर कोटिंग नीट धरत नाही. तेल गेल्यावर बारीक चरे उघडे पडले, तर आताच पुन्हा पॉलिश करा; कोटिंग ते झाकणार नाही.

तुमच्याकडे पोलाद कारखाना जवळ. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवर बोटं फिरवा. खरखर लागली, तर लोखंडी कण रुतलेले असू शकतात. ते आयर्न रिमूव्हर आणि क्ले बारने काढून पुन्हा हलकं पॉलिश करावं लागेल.

पुसायला तयार पॅनल वाइप उत्तम. नाहीतर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तीन भाग डिस्टिल्ड पाणी. सावलीत, पत्रा गार असताना, स्वच्छ मायक्रोफायबरने हलक्या हाताने पुसा. ताज्या पॉलिशवर चरे पटकन पडतात. थिनर किंवा सॅनिटायझर अजिबात नको. गाडीला नुकताच नवा रंग दिला असेल, तर आधी रंगकाम करणाऱ्याला विचारा. पुसल्यावर त्याच दिवशी, बंद जागेत कोटिंग करून घ्या.