रेडिएटरची टाकी काढावी की ठेवावी?

प्रश्न : इंग्लंडमध्ये लेस्टरला आम्ही १९७०च्या दशकात बांधलेले एक घर घेतले आहे. गॅसचा बॉयलर जुना झाल्याने बदलायचा आहे. एक प्लंबर म्हणतो, माळ्यावरची टाकी काढून सगळी हीटिंग ‘सील्ड’ करून टाका. दुसरा म्हणतो, ‘ओपन व्हेंटेड’ आहे तशीच राहू द्या, जुन्या पाइपांत प्रेशर वाढवून नसती आफत कशाला ओढवून घेता? दोघेही अनुभवी आहेत. खरे कोणाचे मानावे? आणि सील्ड केल्यावर शॉवरला जोर येईल का? पुढेमागे माळ्यावर एक खोली काढण्याचाही विचार आहे.

उत्तर : दोघांचेही खरे आहे, फक्त ते तुमच्या घराकडे वेगवेगळ्या टोकांनी पाहत आहेत. त्यांच्या वादाचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. पाणी तापले की फुगते. ते वाढलेले पाणी जाणार कुठे?

आधी हे वाढणे किती, ते पाहू. समजा, बॉयलर, पाइप आणि रेडिएटर मिळून तुमच्या घरात १०० लिटर पाणी आहे. ते १० अंश सेल्सिअसवरून ८० अंशांवर नेले की सुमारे ३ लिटरांनी वाढते. पाणी दाबून लहान करता येत नाही. त्यामुळे या तीन लिटरांची सोय केली नाही, तर ती एखादा सांधा फोडून स्वतःच जागा करून घेतील.

ओपन व्हेंटेड पद्धतीत ही सोय माळ्यावर असते. तुमच्या माळ्यावर बहुधा दोन टाक्या असतील. मोठी टाकी गरम पाण्याच्या सिलिंडरला थंड पाणी पुरवते. छोटी टाकी फक्त हीटिंगची. तिच्यातून एक पाइप खाली जातो. त्यातून सिस्टीम भरते आणि फुगलेले पाणी त्याच वाटेने वर येते. दुसरा, निदान २२ मिलिमीटरचा जाड पाइप वर जाऊन टाकीवर वाकवलेला असतो. तो व्हेंट. बॉयलर बेफाम तापलाच, तर वाफ आणि उकळते पाणी इथून बाहेर पडावे, म्हणून त्या वाटेवर कुठेही कॉक बसवायचा नसतो.

ही छोटी टाकी तळाशी थोडीशीच भरलेली दिसते. ते पाहून ‘फ्लोट बिघडला वाटते’ म्हणत तो वर सरकवणारे उत्साही घरमालक पुष्कळ. मात्र वरची रिकामी जागा फुगणाऱ्या पाण्यासाठीच राखलेली असते. ती भरून टाकली, की हीटिंग लावल्यावर ओव्हरफ्लोच्या पाइपातून घराबाहेर धार लागते.

सील्ड पद्धतीत टाकी आणि व्हेंट दोन्ही नसतात. त्यांच्या जागी एक्स्पान्शन व्हेसल नावाचे लोखंडी भांडे येते. आत रबराचा पडदा, त्याच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा किंवा नायट्रोजन. पाणी फुगले की पडदा सरकतो आणि वायू दबतो. थंड असताना प्रेशर साधारण १ ते १.५ बार ठेवतात. तापल्यावर ते थोडे वाढते. काही बिघडून ३ बारपर्यंत गेलेच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी पाइपाने घराबाहेर सोडतो. शिवाय ठरावीक तापमानापुढे बॉयलर स्वतःच बंद पडतो.

म्हणजे ओपन पद्धत जुनी म्हणून धोक्याची, किंवा सील्डमध्ये प्रेशर आहे म्हणून ती धोक्याची, हे दोन्ही समज चुकीचे. ओपनमध्येही प्रेशर असतेच. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण १ बार दाब देते. टाकी तळमजल्यावरच्या रेडिएटरपासून पाच मीटर उंच असेल, तर तिथे अर्धा बार झालाच. फरक एवढाच, की ओपनची सुरक्षितता उघड्या पाइपावर उभी आहे आणि सील्डची व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट यांच्यावर.

तरीही नव्या कामात सील्डकडे कल का असतो? पहिले कारण गंज. उघड्या टाकीतून पाण्यात ऑक्सिजन शिरतो. पंपाची जागा चुकली असेल किंवा पाइप कुठे तुंबला असेल, तर पाणी व्हेंटमधून टाकीत पडत राहते आणि प्रत्येक फेरीत ताजी हवा घेऊन परतते. छोटी टाकी कोमट लागत असेल, तर हेच चालले आहे असे समजावे. मग रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ तळाशी बसतो आणि रेडिएटर वर गरम, खाली गार राहतो.

दुसरे कारण गळती. ओपन पद्धतीत कुठे थेंब थेंब गळत असेल, तर टाकी गुपचूप भरपाई करत राहते. घरमालकाला पत्ता लागत नाही, आणि गंज रोखण्यासाठी घातलेले इनहिबिटर मात्र पातळ होत जाते. सील्डमध्ये प्रेशरचा काटा खाली येतो आणि चुगली करतो.

तिसरे कारण तुमच्या उपयोगाचे. छोटी टाकी सगळ्या रेडिएटरांच्या वर असावी लागते. माळ्यावर खोली काढून तिथे रेडिएटर लावायचा म्हटला, तर टाकी ठेवणार कुठे? सील्डला उंचीची ही अट नाही. शिवाय थंडीत माळ्यावर पाणी गोठण्याची काळजीही निम्मी होते.

आता दुसऱ्या प्लंबरची बाजू. टाकी असताना ज्या सांध्यांना अर्धा बार सोसावा लागत होता, त्यांच्यावर आता तिप्पट दाब येऊ शकतो. कुजलेला रेडिएटर किंवा फरशीखालचा जुना सांधा अशा वेळी तोंड उघडतो. गळका भाग आधीपासूनच कमजोर होता, हे खरे. पण फरशी उखडण्याचा खर्च तुमच्याच माथी येतो. म्हणून बदलण्याआधी प्रेशर टेस्ट आणि आतून सफाई करून घ्यावी.

एका ठिकाणी मात्र ओपन व्हेंटच हवा. रेडिएटर लाकडाच्या किंवा कोळशाच्या शेगडीवर चालत असतील तिथे. गॅस बटण दाबताच विझतो, पेटलेले लाकूड विझत नाही. वीज जाऊन पंप थांबला तरी आग पाणी तापवतच राहते. गावाकडच्या बंबाचे तोंड कोणी घट्ट बंद करत नाही, ते याच कारणाने.

राहिला शॉवर. रेडिएटरमधले पाणी आणि नळाचे पाणी एकमेकांत मिसळत नाही. रेडिएटरमधले तेच पाणी वर्षानुवर्षे पाइपांतून फिरते. त्यामुळे हीटिंग सील्ड केल्याने शॉवरला तसूभरही जोर येणार नाही. त्यासाठी थेट नळाच्या दाबावर चालणारा कॉम्बी बॉयलर किंवा ‘अनव्हेंटेड’ सिलिंडर लागतो. तो निर्णय वेगळा आहे. अशा सिलिंडरला इंग्लंडच्या बांधकाम नियमांतले जी-३ हे कलम लागू होते आणि तो बसवणारा त्या कामात प्रशिक्षित असावा लागतो. हीटिंग सील्ड करून जुना सिलिंडर आणि त्याची मोठी टाकी तशीच ठेवता येते. प्रेशर जास्त ठेवले की रेडिएटर जास्त तापतात, हाही असाच एक गैरसमज.

सील्ड झाल्यावर एक सवय मात्र लावून घेऊ नका. काटा उतरला की फिलिंग लूप, म्हणजे हीटिंगला नळाच्या पाण्याशी जोडणारी नळी, उघडून पाणी भरायचे आणि विसरून जायचे. दर भरणीबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो. वर्षातून एखादे वेळी भरावे लागले, तर ठीक. दर आठवड्याला लागत असेल, तर गळती शोधावी. हीटिंग लावताच काटा ३ कडे धावतो आणि गार झाल्यावर शून्याकडे उतरतो, असे दिसले तर एक्स्पान्शन व्हेसलमधला वायू कमी झाला आहे किंवा पडदा फाटला आहे. पाणी भरून झाले की लूप लगेच बंद करून सोडवून ठेवायचा, म्हणजे हीटिंगचे पाणी पिण्याच्या पाण्यात जाण्याची शक्यता राहत नाही.

तर तुमच्यासाठी उत्तर असे. बॉयलर गॅसचा आहे, तो बदलायचाच आहे आणि माळा मोकळा हवा आहे. सील्ड करून घ्या. पण सगळे रेडिएटर आणि दिसणारे सांधे दुसऱ्या प्लंबरच्या संशयी नजरेने तपासून झाल्यावर. लाकडाची शेगडी याच पाइपांना जोडायची असेल, तर टाकी काढण्याआधी तसे सांगा, कारण मग सगळा आराखडाच बदलतो. काम सुरू करण्याआधी इंजिनिअरचे गॅस सेफ रजिस्टरचे ओळखपत्र मागायला संकोच करू नका. मागच्या बाजूला कोणत्या कामांची परवानगी आहे तेही लिहिलेले असते, तेवढे वाचून घ्या.