मुलगा खेळात बाबांशी बोलतो, थांबवू का?

प्रश्न : माझे पती सीमेवर शहीद झाले. नऊ वर्षांचा मुलगा खेळताना बाबांशी बोलतो, त्यांची चौकी काढतो, चित्रात त्यांना घरी आणतो. सासूबाई म्हणतात, हे बंद कर. काय करू?

उत्तर : ताई, बंद करू नका. बाबा परत येणार नाहीत हे त्याला नीट कळलंय ना, एवढं पाहा. ‘बाबा ड्युटीवर गेलेत’ असं कुणीही सांगू नये. ते परत येणार नाहीत हे कळलं असेल, तर हा खेळ भ्रम नव्हे. न पेलणारं दुःख तो झेपेल तेवढंच हातात घेतोय.

मोठ्या दुःखात मुलांनी चित्रांचा असा आधार पूर्वीही घेतलाय. दुसऱ्या महायुद्धात टेरेझीनच्या नाझी छावणीत फ्रिडल डिकर-ब्रांडाइस ही चित्रकार ज्यू मुलांना चित्रकला शिकवायची. कागदाची टंचाई, म्हणून कचेरीचे जुने फॉर्मही वापरले. मुलांनी छावणीतले मजली पलंग काढले, तशी फुलपाखरं आणि मागे सुटलेली घरंही. प्रत्येक चित्रावर ती मुलांना स्वतःचं नाव घालायला लावायची. मला हे फार मोलाचं वाटतं. 1944 मध्ये तिला ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं. बहुतेक मुलंही वाचली नाहीत. सुमारे 4,500 चित्रं मात्र उरली, ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत.

तुमचा मुलगा खेळत किंवा चित्र काढत असेल, तेव्हा त्याच्याशेजारी बसा. अर्थ विचारू नका. ‘मग पुढे काय झालं?’ एवढंच विचारा. सासूबाईंनाही बसवा, त्यांचाही मुलगा गेलाय. झोप उडाली, शाळा नकोशी झाली किंवा ‘मला बाबांकडे जायचंय’ म्हणू लागला, तर लगेच बालमानसतज्ज्ञांना दाखवा. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे.