‘रीळ’ आणि ‘रील’ : एका उसन्या शब्दाचा परळमधील अर्थप्रवास

शिवणकामाच्या पेटीतील सुई, कात्री आणि दोरा हे शब्द मराठीचे जुने धन आहेत. दोरा ज्याच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या वस्तूचे ‘रीळ’ हे नाव मात्र इंग्रजीतून आले आहे. अमेरिकन इंग्रजीत याच वस्तूला सामान्यतः ‘स्पूल’ म्हणतात. मराठीने ‘रीळ’ घेतले, ते ब्रिटिश वापराशी आलेल्या संबंधातून. जुन्या इंग्रजीतही हा शब्द कातलेले सूत गुंडाळण्याच्या साधनालाच लावीत. परळच्या परिसरात मात्र तो शिंप्याच्या दुकानापुरता राहिला नाही. गिरणी, चित्रपटनिर्मितीगृह आणि आता भ्रमणध्वनी अशा तीन ठिकाणी त्याला वेगवेगळे अर्थ लाभले. या अर्थांचा परस्परसंबंध तपासणे आणि ‘रीळ’ व ‘रील’ या दोन रूपांकडे भाषाभ्यासकाने कसे पाहावे याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम गिरणीचा विचार करू. मुंबईतील पहिल्या कापडगिरणीत, ताडदेव येथे, १८५६ साली उत्पादन सुरू झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ची. गिरणीची परिभाषा त्या कोशानंतर घडली, हे यावरून उघड आहे. गिरणीत ‘रीलिंग’ हे एक स्वतंत्र खाते असे. कातलेले सूत बॉबिनवरून दीड वार घेराच्या फिरत्या चौकटीवर घेत. ८० फेऱ्यांचे १२० वार होत आणि अशा सात भागांची ८४० वारांची एक लड तयार होई. एक पौंड वजनात अशा ४० लडी बसल्या, तर ते सूत ४० नंबरचे. म्हणजे येथे हा शब्द केवळ गुंडाळण्याचा नव्हे, तर मोजण्याचाही आहे. मुंबईच्या गिरण्यांत स्त्रिया प्रामुख्याने ज्या खात्यांत काम करीत, त्यांत वाइंडिंग आणि रीलिंग ही प्रमुख होती. गिरणीचे साहित्य वाचताना साचा आणि धोटा यांच्याकडे जितके लक्ष जाते, तितके या खात्याकडे जात नाही. परंतु गिरणीतील स्त्रीच्या श्रमाचा शोध घेणाऱ्याला हा शब्द ओलांडून पुढे जाता येणार नाही.

दुसरे क्षेत्र चित्रपटाचे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला, तो चार रिळांचा होता. पुढे १९४२ साली व्ही. शांताराम यांनी परळला ‘राजकमल कलामंदिर’ची स्थापना केली. गिरण्यांच्या वस्तीतच चित्रपटनिर्मितीचे हे केंद्र उभे राहिल्यामुळे एकाच परिसरात सुताचे रीळ आणि चित्रफितीचे रीळ शेजारी नांदू लागले. ३५ मिलिमीटर रुंदीच्या बोलपटाचे हजार फुटांचे रीळ सुमारे अकरा मिनिटे चालते. अशा रिळांच्या संख्येवरून चित्रपटाची लांबी सांगण्याची रीत पडली. त्यातूनच ‘शेवटच्या दोन रिळांत कथा घसरते’ असा समीक्षेचा वाक्प्रयोग संभवतो. येथे ‘रीळ’ म्हणजे चकती नव्हे, फीतही नव्हे. तो कथेचा एक भाग आहे.

या अर्थविस्ताराचा क्रम लक्षणेच्या अंगाने स्पष्ट होतो. ‘रिळाला दोरा गुंडाळला’ या वाक्यात रीळ हे आधारपात्र आहे. ‘रीळ संपले’ या वाक्यात पात्राच्या नावाने त्यावरील दोरा सुचविला जातो. छायाचित्रणाच्या संदर्भात ‘रीळ धुवायला दिले’ असे म्हणत, तेव्हाही धुतली जाई ती फीत. ‘चौदा रिळांचा चित्रपट’ येथे शब्द परिमाणवाचक होतो. पात्र, पात्रातील वस्तू, परिमाण आणि शेवटी कथाभाग, अशा या चार पायऱ्या आहेत. या सर्वांत एक समान अर्थबीज टिकून राहते : लांबच लांब वस्तू गोल गुंडाळून आटोपशीर करणे.

कोणता अर्थ विवक्षित आहे, हे बहुधा क्रियापदावरून ओळखता येते. ‘आठवणींचे रीळ उलगडले’ यात दोऱ्याची प्रतिमा आहे. ‘आठवणींचे रीळ डोळ्यांसमोरून सरकले’ यात चित्रफितीची. या दोन्ही प्रयोगांना ठोकळेबाज म्हणून एकाच मापाने बाजूला सारणे योग्य नव्हे. पहिल्यात आठवणारा माणूस स्वतः दोरा सोडवीत असतो; दुसऱ्यात तो प्रेक्षक असतो.

तिसरे रूप ‘रील’. २०२० साली इन्स्टाग्रामने ‘रील्स’ ही सुविधा आणल्यानंतर हा शब्द मराठीत सर्वतोमुखी झाला. तत्पूर्वी ‘रील आणि रिअल’ अशा शाब्दिक कोटीतून तो वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला होताच. ती कोटी ‘ळ’काराने साधली नसती. मूळ इंग्रजी शब्द एकच असला, तरी मराठीने तो दोनदा उसना घेतला आहे. पहिल्या वेळी त्याला मराठीचा ‘ळ’ मिळाला, नपुंसकलिंग मिळाले, ‘रिळे’ असे अनेकवचन मिळाले, आणि ‘मीठ–मिठाचा’ या नियमाने ‘रीळ–रिळाचा’ असे सामान्यरूपही मिळाले. दुसऱ्या वेळी यांपैकी फारसे काही घडलेले नाही. ‘रील’चा ‘ल’ कायम आहे, अनेकवचन ‘रील्स’ असे इंग्रजी वळणाचेच चालते, ‘रीलमध्ये’ म्हणताना दीर्घ ईकार तसाच राहतो आणि लिंगही स्थिरावलेले नाही. ‘रील बनवली’ आणि ‘रील बनवले’ हे दोन्ही प्रयोग आढळतात.

‘इस्पितळ’ आणि ‘हॉस्पिटल’ ही जोडी याच जातीची आहे. फरक इतकाच, की त्या जोडीत अर्थ एकच राहिला, तर येथे अर्थही दुभंगला. ‘रील’मध्ये गुंडाळण्याजोगे काही उरलेले नाही. अकरा मिनिटांच्या रिळाचे नाव आता बहुधा सेकंदांत मोजल्या जाणाऱ्या दृश्याला लाभले आहे.

या भेदाला व्यावहारिक महत्त्वही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागचा गिरणीव्यवसाय मोडत गेला. चित्रपटगृहांतूनही अंकीय प्रक्षेपणामुळे चित्रफितीची रिळे नाहीशी झाली. या दोन्ही व्यवसायांतील माणसांच्या मुलाखती लिहून काढताना लेखनिकाने ‘रीळ’चे ‘रील’ केले, तर आजचा वाचक त्या शब्दाचा भलताच अर्थ लावील. उलटपक्षी, शुद्धतेच्या आग्रहाने नव्या ‘रील’ला ‘ळ’ जोडणेही प्रचलित उच्चाराशी विसंगत ठरेल.

म्हणून कोशकाराने ‘रीळ’ आणि ‘रील’ या दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात आणि त्यांना परस्परसंदर्भाने जोडावे. ‘रीळ’च्या नोंदीत दोरा आणि चित्रफीत यांबरोबर गिरणीतील ‘रीलिंग’चाही निर्देश असावा. शिंप्याच्या दुकानातील अर्थ वस्तूमुळे टिकेल आणि भ्रमणध्वनीवरील अर्थ वापरामुळे. ज्या खात्यातील यंत्रे थांबली आहेत, तेथील अर्थाला मात्र कोशाखेरीज आधार नाही.